नव्या बुटाचा आकडा

समा, बडोदे
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्ष,

हे पत्र तू वाचशील की नाही मला माहीत नाही. तुझ्या हातात पडेल हे माहीत आहे, कारण गेल्या पत्राची पोचपावती कोइमतूरहून परत आली आणि तिच्यावर सही तुझीच आहे. ‘उ’ची शेपटी तू अजून डावीकडे ओढतोस.

तुझा फोन माझ्यासाठी बंद आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दलही मला काही लिहायचं नाही. तुझ्या बहिणीबद्दल लिहायचं आहे.

अवंतीला बॅलेमध्ये मुख्य भूमिका मिळाली. तू गेलास तेव्हा ती चौदाची होती आणि इलोरा पार्कच्या क्लासात मागच्या ओळीत असे. आता सतरा पूर्ण. निरुपमा मॅडम अकरा वर्षं परदेशात नाचून इकडे परत आल्या, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी यंदा पूर्ण दोन तासांचं बॅले बसवायला घेतलं आहे, ‘मिठाची राणी’. गोष्ट त्यांनीच रचली. रणात मिठाची एक राणी राहते, तिला पाण्याला हात लावायची मनाई. एक वाटाड्या तहानेने कोसळतो, ती त्याच्यासाठी पाणी आणायला जाते आणि विरघळते. प्रयोग दोन, १४ आणि १५ डिसेंबरला. शनिवारी राणी रसिका, रविवारी अवंती. वाटाड्या दोन्ही दिवस तन्मय, तो कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे.

रसिका म्हणजे पाणीगेटच्या श्रीकृष्णरावांची मुलगी. ते रेल्वेत सिग्नल खात्यात आहेत. ती अवंतीपेक्षा चांगली नाचते. बाप असूनही लिहितो, कारण मला दिसतं ते दिसतं.

आता मुख्य गोष्ट. टोकावर उभं राहायचा जो बूट असतो, त्याला पुढे एक डबा असतो, कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेला. तळात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टी. सगळा पाय ती पट्टी पेलते. एवढा नखरेल बूट पंधरा-वीस तासांच्या नाचात मऊ पडतो. मुली म्हणतात, बूट मेला. मग नवा जोड परदेशातून मागवायचा आणि दीड महिना वाट बघायची. जूनमध्ये मी अवंतीचा एक मेलेला बूट उघडला. आत काय असावं? दाबलेला पुठ्ठा आणि एक खिळा. मला हसू आलं.

गोरव्याच्या आपल्या शेडमध्ये पॅनेलच्या कामाची ग्लास-इपॉक्सी शीट पडली होती, एक मिलिमीटरची. तिचे धागे लांबीला एक ताकद देतात, रुंदीला दुसरी. मी लांबीतच पट्ट्या कापल्या. आधी एक कोरा परदेशी बूट फिक्स्चरवर धरला, दोन किलोचं वजन टांगलं, वाक मोजायला सुईचा डायल लावला. वाक सहा पॉइंट चार मिलिमीटर. मग माझी पट्टी घासत घासत त्याच आकड्यावर आणली. दोन आठवडे अवंती नाचली, पुन्हा मोजलं: सहा पॉइंट चार. परवा मोजलं: सहा पॉइंट चार. माझा बूट मरत नाही.

अकरावी नापास माणसाने गोरव्यात बसून हे केलं. तुला यातलं कळेल म्हणून लिहितो. इथे ‘वाह काका’ म्हणणारे पुष्कळ आहेत, कळणारं कुणी नाही.

बाबा


समा, बडोदे
२२ सप्टेंबर २०२४

चि. उत्कर्ष,

पोचपावती आली. आई म्हणाली, तू फोनवर म्हणालास, पत्रं मिळतात. एवढंच म्हणालास का अजून काही, हे मी विचारलं नाही.

आता सात मुली माझ्या पट्ट्यांवर नाचतात. निरुपमा मॅडमनी परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एक, फक्त सरावाला. दोन, एखाद्या मुलीला बूट खटकला तर त्याच दिवशी त्यांना सांगायचं. त्यांची नजर फार तयार आहे, पण मोजमाप त्यांना कळत नाही. मी डायल दाखवायला गेलो तर म्हणाल्या, लक्ष्मीकांतभाई, मला पाय दाखवा, घड्याळ नको. मी डायल पिशवीत टाकला. बाईमाणसाशी कुठे वाद घालायचा.

तालमीला मी दर शनिवारी जातो. आरशाच्या बाजूला माझा स्टूल ठरलेला आहे. सुई-दोरा, लाख, कानस, चिमटा, सगळं बरोबर नेतो. तन्मय पोरगा मिश्कील आहे. राणीला खांद्यावर उचलून आठ पावलं चालायचं असतं, आणि अवंती रसिकापेक्षा सहा किलो जास्त आहे. परवा उचलून झाल्यावर हाश्श करत मला म्हणाला, “काका, बूट तो बनी गया, आता एक नानो जॅक पण बनवा ना.” अवंतीने त्याला टॉवेल फेकून मारला.

गेल्या आठवड्यात रसिका वडिलांच्या स्कूटरवरून शेडवर आली होती. लेथशेजारच्या बाकावर बसली, बूट मांडीवर. म्हणाली, “काका, हा बूट मला वर चढवतो, पण खाली उतरू देत नाही.”

मी तिच्यासमोर बूट फिक्स्चरला लावला. सहा पॉइंट चार. तिला समजावून सांगितलं की नव्या परदेशी बुटाचा आकडा हाच आहे, शंभरावा भागही इकडेतिकडे नाही. तेव्हा खटकतं ते बुटाचं नाही, पायाच्या सवयीचं आहे. श्रीकृष्णराव म्हणाले, “अगं, काका मोजून देतात, तुझ्यासारखं अंदाजपंचे नाही.” ती सुईकडे बघून म्हणाली, बरं काका.

मॅडमना सांगण्यासारखं यात काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

अशी मुलगी शिकवायला सोपी. एकदा सांगितलं की पुरे. नाहीतर तू

पुढचं वाक्य खोडलं आहे, उजेडासमोर धरून वाचू नकोस.

बाबा


समा, बडोदे
२० ऑक्टोबर २०२४

चि. उत्कर्ष,

नवरात्र झालं. नवरात्रानंतरचं बडोदं तुला सांगायला नको. अर्धं गाव लंगडतं, उरलेलं अर्धं तेल चोळतं. शेडमधला रमाकांत दोन दिवस बसून ड्रिल चालवत होता. मॅडमनी राणीच्या दोन्ही मुलींकडून शब्द घेतला होता की यंदा गरबा खेळायचा नाही. अवंती घरीच होती. तोंड पाडून, पण होती.

रसिकाचा उजवा पाय दुखतो आहे. वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे. शनिवारी तालमीत तिने दुसरा अंक अर्ध्यावर सोडला. मी स्टूलवरून उठून विचारलं, तर पुन्हा तेच बुटाचं बोलली. मी म्हटलं, आधी नव्हतं दुखत, नवरात्रानंतरच कसं दुखायला लागलं. ती वाकून बुटाच्या रिबिनी सोडायला लागली. श्रीकृष्णराव तिला न्यायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या गल्लीतला गरबा तिच्याने सुटत नाही, रोज चणिया-चोली घालून खाली उतरायची. मॅडमनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रागावल्या नाहीत, पण रसिकाशी पुढे बोलल्याही नाहीत.

शब्द दिला की पाळावा. मला ते आवडलं नाही. कामसू मुलगी आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

दिवाळीला येणार नाहीस असं आई म्हणाली. चकल्या कुरियरने पाठवते आहे. डब्याचं झाकण मी आतून रबर लावून बसवलं आहे, उघडताना डावीकडून उचल.

बाबा


समा, बडोदे
१४ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्ष,

रसिकाच्या पायाचं हाड चिरलं आहे. पडून नव्हे, हळूहळू, भार पडून पडून. केसासारखी चीर असते म्हणे, आधी एक्स-रेतही दिसत नाही. सहा आठवडे पाय टेकायचा तो दवाखान्याच्या जाड बुटातच, नाच बंद. डिसेंबर गेला.

दोन्ही दिवस आता अवंती राणी आहे. तिला आनंद व्हायला हवा, पण झालेला दिसत नाही. रात्री जेवत नाही नीट. दडपण असेल. दोन तासांचा प्रयोग दोन दिवस ओळीने म्हणजे खेळ नाही.

श्रीकृष्णरावांनी रसिकाचा क्लास कायमचा बंद केला. मला फोनवर म्हणाले, “लक्ष्मीकांतराव, पाय मोडला त्याचं एवढं नाही. पण ही अजून माझ्या तोंडावर सांगते, मी गरबा खेळले नाही. रोज डोळ्यांनी बघितलंय मी तिला नटून खाली जाताना. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी कुठेही पाठवणार नाही.” मी काय बोलणार? म्हटलं, बरोबर आहे.

तिचे बूट त्यांनी एका पिशवीत घालून शेडवर पाठवून दिले. खुंटीला लावून ठेवले आहेत. उघडून बघायचं काही कारण नाही.

बाबा


समा, बडोदे
२५ नोव्हेंबर २०२४

उत्कर्ष,

परवा तुझी आई तुझ्याशी बोलून स्वयंपाकघरात आली आणि पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “उत्कर्ष विचारत होता, त्या मुलीला कुणी विचारलं का?”

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, डॉक्टरांनी सांगितलंय. नयना पोळी लाटत राहिली. दोन पोळ्या झाल्यावर माझं मलाच आठवलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, हल्ली पायावर जास्तीचं काय पडलं? आणि उत्तर श्रीकृष्णरावांनी दिलं होतं, गरबा.

अवंतीला हाक मारली. विचारलं, रसिका गरबा खेळली का?

“नाही,” ती म्हणाली. “एक दिवससुद्धा नाही. नटून खाली जायची, ओट्यावर बसून टाळ्या वाजवायची. मला रोज व्हिडिओ पाठवायची, बघ माझे हाल म्हणून.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

आवाज चढवून नव्हती बोलली. तरी ती खोलीत निघून गेली आणि मी स्कूटर काढून गोरव्याला गेलो.

रसिकाचा बूट खुंटीवरून काढून उघडला. पट्टी नव्यासारखी. फिक्स्चरवर लावली, दोन किलो टांगले. सहा पॉइंट चार. तीन महिन्यांनी. हा आकडा बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं नाही.

ताडून बघायला अवंतीचा बूट लागेल म्हणून घरी येऊन तिच्या पिशवीतून तो घेतला. हातात घेताच कळलं, मागचा भाग सैल आहे. आत माझी पट्टी टाचेच्या बाजूने एक तृतीयांश कापलेली होती. हॅकसॉच्या पात्याने, चोवीस दातांच्या. असं पातं माझ्या शेडमध्येच आहे. कापल्यावर कड कानसने गोल केलेली, अस्तर परत शिवलेलं, माझ्याच टाक्याने. काम चांगलं होतं.

मी बूट तिच्यासमोर ठेवला. ती रडली नाही. म्हणाली, ऑगस्ट संपतानाच कापलं. तिचाही पाय दुखायला लागला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही आणखी एक माप घेतलं असतं.”

मग तिने उरलेलं सांगितलं. रसिकालाही तिने म्हटलं होतं, तू पण काप, बाबांना कळणार नाही. रसिका म्हणाली होती, नको, काकांनी मोजून दिलंय.

उत्कर्षा, माझी चूक मी तुला मांडून दाखवतो, कारण ती बारीक आहे आणि दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, चालायचंच. घरात परदेशी बुटांचे जुने जोड होते. अवंतीने प्रत्येकाच्या तळावर तारखा आणि तास लिहिलेले असतात, एवढं माझ्याकडून उचललं आहे. पाच तास वापरलेला बूट मोजला: नऊ पॉइंट एक. दहा तासांचा: साडेबारा. आणि कोऱ्या बुटात तर कुणी नाचतच नाही. नवा जोड आला की मुली तो दाराच्या फटीत चेपतात, हातांनी वाकवतात, फरशीवर आपटतात. मला ते बघवत नसे, चांगल्या वस्तूची नासाडी वाटे. ती नासाडी नव्हती. बूट पायासाठी मोकळा करणं होतं. सहा पॉइंट चार हा आकडा खरा आहे, पण त्या आकड्यावर जगात कुणी नाचत नाही. मी एका कोवळ्या हाडाला अडीच महिने त्याच्यावर नाचवलं. आणि ती सांगत होती.

आता प्रश्न असा आहे. अवंती म्हणते, बाबा, पंधरा डिसेंबरपर्यंत थांबा, मग सांगा. आत्ता सांगितलं तर मॅडम सगळे बूट काढून घेतील, माझ्याकडे परदेशी जोड एकच उरलाय, आणि मी कापलं ते लपवलं म्हणून मलाही विचारतील. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तीन वर्षं घाम गाळला आहे तिने. वीस दिवसांनी सांगितलं काय आणि आत्ता काय, रसिकाचं हाड त्याने लवकर जुळणार नाही, असंही मी स्वतःला सांगून बघितलं.

नयनाला विचारलं. ती म्हणाली, “त्या घरात ती मुलगी रोज खोटारडी म्हणून जेवायला बसते. तुम्ही तारखा कसल्या बघताय?”

मी अजून गेलेलो नाही.

बाबा


समा, बडोदे
४ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्ष,

गुरुवारी पाणीगेटला गेलो. दोन्ही पट्ट्या आणि मोजमापांचा कागद बरोबर घेतला होता. जिना चढताना ठरवलं, कागद शेवटी दाखवायचा. शेवटी दाखवलाच नाही.

रसिका खाटेवर बसली होती, पाय उशीवर. श्रीकृष्णराव ड्यूटीवरून नुकते आले होते, चहा घ्या म्हणाले. मी म्हटलं, आधी ऐका. सगळं सांगितलं, जूनपासून. ती शेडवर येऊन काय बोलली, मी काय उत्तर दिलं, मॅडमची अट काय होती आणि मी ती कशी गिळली. अवंतीने कापलं तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, डॉक्टरांना हा बूट दाखवा, आणि ती गरबा खेळलेली नाही.

मला वाटलं होतं, माणूस माझ्यावर धावून येईल. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. मुलीला म्हणाले, “खरंच खेळली नव्हतीस?”

“नाही.”

“मग नीट का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं, पप्पा. नीटच सांगितलं होतं.”

ते उठून गॅलरीत गेले. तिची आई आत होती, भांड्यांचा आवाज थांबला होता. परत येऊन मला म्हणाले, “लक्ष्मीकांतराव, वीस दिवस मी हिला काय काय बोललो, ते तुम्हाला सांगत नाही. तुमच्या त्या सुईवर माझा विश्वास होता. पोटच्या पोरीवर नव्हता.” मी उभाच होतो. बसा असं नंतर कुणी म्हणालं नाही.

निघताना रसिका म्हणाली, “काका, मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं.”

मला दोनदा आठवत होतं. एकदा शेडवर, एकदा तालमीत. तोंडावर आलंही होतं. पण तिने तीनदा म्हटलं आहे, तेव्हा तीनदा. मी म्हटलं, “हो.” माफी मागितली. ती म्हणाली, बरं. बरं काका नाही म्हणाली, नुसतं बरं.

डॉक्टरांनी बूट बघून सांगितलं की बुटानेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, पण इतक्या कडक बुटाने होऊ शकतं. श्रीकृष्णरावांनी हे फोन करून कळवलं. कळवायची त्यांना गरज नव्हती.

तिथून इलोरा पार्कला गेलो. निरुपमा मॅडमनी सगळं उभ्यानेच ऐकलं. सातही मुलींचे बूट त्याच संध्याकाळी गोळा केले, पालकांना स्वतः फोन केले. मला म्हणाल्या, लक्ष्मीकांतभाई, तुम्ही आलात ते बरं केलंत, आता तालमीला येऊ नका. माझा स्टूल आतल्या खोलीत ठेवला आहे असं तन्मयकडून कळलं. शनिवारचा प्रयोग रद्द. दोन प्रयोगांपुरते मोकळे केलेले बूट कुणाकडेच नाहीत. रविवारचा एकच होईल. त्यासाठी मॅडमनी मुंबईहून ओळखीतून एक जोड मिळवला. अवंतीला वेगळं बसवून त्या काय बोलल्या ते ती सांगत नाही.

माझ्याशी ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, “गेलात ते बरं झालं. पण माझ्याशी आत्ता बोलू नका, बाबा. मला नाचायचंय.” मी मान हलवली.

आता तुझं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं नव्हतं कारण मला उत्तर माहीत होतं.

चारशे बुशांचा तो लॉट भोकं बारीक म्हणून मकरपुऱ्याहून परत आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या माणसासमोर, रमाकांतसमोर, सगळ्या शेडसमोर मी म्हणालो, पोराला डिग्री आली, हात आला नाही. तू म्हणालास, बाबा, भोकं मोजायचं गेज एकदा तपासून घेऊ. मी म्हटलं, हे गेज तुझ्या जन्माआधीचं आहे. तू त्याच आठवड्यात गेलास.

सात महिन्यांनी मी ते तपासलं. मिलिमीटरचे दोन शतांश झिजलं होतं. बारीक भोकसुद्धा पास करत होतं. चूक गेजची होती, म्हणजे माझी. तुझ्या जन्माआधीचं होतं, म्हणूनच झिजलं होतं. मी नवं बनवलं, जुनं भंगारात टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तेव्हापासून तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी हवापाणी, बूट, चकल्या लिहीत आलो आहे.

काल रमाकांतला सांगितलं. तो म्हणाला, मालक, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. मकरपुऱ्याच्या गिऱ्हाइकालाही पत्र लिहून कळवलं आहे. तो व्यवहार बंद होऊन जमाना झाला, त्यांना काय पडलंय. पण तुझं नाव तिथे ज्या कारणाने खराब झालं होतं ते चुकीचं होतं, हे माझ्या सहीने त्यांच्याकडे आहे.

यावर तू काही करावंस असं नाही.

बाबा


समा, बडोदे
१६ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्ष,

प्रयोग झाला. तू मला विचारलेलं नाहीस, पण आईला विचारलंस असं कळलं, म्हणून तिला जे दिसलं नाही तेवढं लिहितो.

आम्ही सातव्या रांगेत होतो. पडदा उघडायच्या आधी श्रीकृष्णराव रसिकाला घेऊन आले. त्यांच्या जागा पुढे होत्या, पण ती आमच्या रांगेच्या कडेला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, कारण पाय बाहेर लांब ठेवायला तिथेच जागा होती. माझ्यासाठी बसली नव्हती.

अवंती बरी नाचली. दुसऱ्या अंकात एका वळणाला डगमगली, तन्मयने कोपर धरून सावरलं. बाकी लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मनापासून. रसिका पूर्ण वेळ ओठांत मात्रा मोजत होती. तिला राणी आणि वाटाड्या दोघांचंही पाऊल न् पाऊल पाठ आहे. तिसऱ्या अंकात, राणी पाण्याकडे निघते तिथे, ती मोजायची थांबली आणि हलकेच म्हणाली, “मेला.”

मला कळलं नाही. ती म्हणाली, “अवंतीचा उजवा बूट. आत्ता मेला.”

मी कान दिला. माणसं मला बेअरिंगचा आवाज ऐकायला लांबून बोलावतात, पण मला काही ऐकू आलं नाही. अवंतीचा चेहराही तोच. फक्त पुढची चार मिनिटं ती मऊ बुटावर, नुसत्या पायाच्या जोरावर उभी राहिली आणि विरघळायच्या जागी हळूहळू खाली उतरली. रसिकाने डोळे मिटून घेतले होते. का, ते मी विचारलं नाही. जी भूमिका तिची होती ती दुसऱ्याच्या पायांवर बघायला ती आली होती, यापलीकडे मला काय कळणार.

प्रयोगानंतर अवंती मेकअपसकट बाहेर आली आणि सरळ रसिकाकडे गेली. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. निरुपमा मॅडम तिथे येऊन रसिकाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. जानेवारीत डॉक्टर हो म्हणाले तर पहिल्यापासून सुरू करायचं आहे, असं श्रीकृष्णरावांनी मला सांगितलं. माझ्याकडे न बघता, पण मलाच सांगितलं.

मग आम्ही सगळे बाहेरच्या पायऱ्यांपाशी आलो. अकरा पायऱ्या आहेत. रसिका तिसरीवर थांबली. श्रीकृष्णरावांनी विचारलं, “दुखतंय का?”

ती म्हणाली, “थोडं.”

त्यांनी तिथल्या तिथे तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, कुणीतरी खुर्ची आणा. माझ्या तोंडाशी आलं होतं की कुठे दुखतंय, कधीपासून, पाय टेकताना की उचलताना.

मी खुर्ची आणायला गेलो.

बाबा